खुर्ची उचलू नका, मुलांनो

पुण्यातल्या पेठांमधल्या, आणि खरं म्हणजे कुठल्याही गावच्या, गणेशोत्सव मंडळांच्या कार्यकर्त्यांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातले निदान वीस-पंचवीस जण मला नीट ओळखतात. वाड्याच्या तळमजल्यावर गणिताच्या शिकवण्या घेणाऱ्या काकू. काळ-काम-वेगाची उदाहरणं सोडवताना तुमचं लक्ष बाहेर चाललेल्या ढोलाच्या सरावाकडे असायचं, आणि मी पट्टी टेबलावर आपटायचे. सरकारी कागदावर मी दिव्यांग आहे, पेठेत 'पोलिओवाल्या काकू'. मला दोन्हीचं काही वाटत नाही. चाळिशी उलटेपर्यंत कॅलिपर आणि कुबड्यांवर भागवलं, आता अकरा वर्षं चाकांची खुर्ची आहे. एवढी ओळख पुरे.

हे पत्र जानेवारीतच लिहायचं होतं. तेव्हा लिहिलं असतं तर रागात लिहिलं असतं, आणि तुम्ही माझ्यावर राग यावा असं काही वाईट केलं नव्हतं. म्हणून थांबले.

१५ जानेवारीला महापालिकेचं मतदान होतं. २०१७ नंतर जवळजवळ नऊ वर्षांनी नगरसेवक निवडायचा होता, त्यामुळे मी सकाळी साडेनऊलाच निघाले. आपलं केंद्र ज्या शाळेत असतं (नाव लिहीत नाही, शाळेचं एकटीचं चुकलंय असं नाही) तिच्या फाटकापासून पायऱ्यांपर्यंत खडी आहे. खडीत पुढची छोटी चाकं रुततात. ते मी निभावलं. पुढे पाच पायऱ्या. रॅम्प होता, म्हणजे फळी होती. प्लायवूडचा एक अख्खा ताव पायऱ्यांवर तिरका टाकलेला, टेम्पोत सिलिंडर चढवायला टाकतात तसा. त्यावर खुर्ची घातली की माणूस आकाशाकडे बघायला लागतो.

मी खाली थांबून विचार करत होते, तेवढ्यात तुम्ही चौघं धावत आलात. "काकू, थांबा, आम्ही आहोत ना!" दोघांनी मागच्या मुठी धरल्या, एकाने पाय ठेवायची पट्टी, आणि एकाने हाताचा दांडा. तो दांडा निघणारा असतो, मुलांनो. पलंगावर सरकता यावं म्हणून तो मुद्दाम तसा केलेला असतो. तिसऱ्या पायरीवर तो तुमच्यातल्या एकाच्या हातात आला आणि मी डावीकडे कलले. कुणीतरी माझा दंड पकडला. मग "गणपती बाप्पा" झालं, "मोरया" झालं आणि मी वर पोचले. हौदावर मूर्तीला कसं वाटत असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

दुपारी बारापर्यंत माझा फोटो पेठेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होता. खाली 'मंडळाची सामाजिक बांधिलकी', कोपऱ्यात तुमच्या आधारस्तंभ नेत्यांचं हसरं वर्तुळ, आणि मध्ये मी: डोळे मिटलेले, पदर घसरलेला, पर्स छातीशी घट्ट. किती अंगठे आले ते मी मोजले नाहीत. माझ्या भावजयीने मोजले.

तुमच्या मनात चांगलंच होतं, हे मला शंभर टक्के माहीत आहे. तुम्ही नसता तर मी त्या दिवशी मत न देता घरी आले असते, हेही खरं. म्हणूनच तुम्हाला लिहिते आहे. ज्यांच्याकडून काही होणार नाही त्यांना कोण पत्र लिहितो?

आता कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण कुणीतरी म्हणणारच की हे मंडळाचं काम नव्हे. बरोबर आहे, नव्हेच. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं कलम ११ स्पष्ट म्हणतं की प्रत्येक मतदान केंद्र अपंगांना पोचता येण्याजोगं असलं पाहिजे आणि निवडणुकीचं साहित्य त्यांना समजेल असं असलं पाहिजे, आणि ही जबाबदारी निवडणूक आयोगाची, केंद्राच्या आणि राज्याच्याही. हे काही आभाळातून पडलेलं नाही. २००४ साली लोकसभेची निवडणूक ऐन रंगात आलेली असताना सर्वोच्च न्यायालयाने मतदान केंद्रांवर लाकडी रॅम्प करायला सांगितलं, ते दिल्लीच्या जावेद आबिदी आणि त्यांच्या डिसेबल्ड राइट्स ग्रुपच्या पाठपुराव्यामुळे. आबिदी स्वतः चाकांच्या खुर्चीत होते. ते २०१८ मध्ये गेले. आज जी फळी तुम्हाला शाळेच्या पायरीवर दिसते, तिचा उगम तिथे आहे. फळी आली. तिचा उतार किती ठेवायचा, ते मात्र येता येता कुठेतरी गळून पडलं.

तर जबाबदारी आयोगाची. पण आयोग आपल्या पेठेत येतो कधी? पाच वर्षांतून दोन-तीनदा, तोही मतदानाच्या आदल्या दुपारी, यंत्रं घेऊन, दमलेल्या माणसांच्या रूपात. कुठल्या वाड्यात जिना अंधारा आहे, कुठल्या तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा पक्षाघातानंतर दोन वर्षं खाली उतरलेले नाहीत, हे त्यांना कसं ठाऊक असणार? तुम्हाला ठाऊक असतं. तुमचं वर्गणीचं पावतीपुस्तक प्रत्येक दारात जातं. बीएलओकडे, म्हणजे आयोगाच्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, मतदारांची यादी असते, पण कुठल्या घरात दार उघडायला किती वेळ लागतो आणि का लागतो, ही यादी फक्त तुमच्या डोक्यात असते.

म्हणून पहिली विनंती वर्गणीच्या वेळची आहे. यंदा पावती फाडताना दोन प्रश्न जास्तीचे विचारा. घरात कुणाला चालायला, बघायला, ऐकायला त्रास आहे का? आणि त्यांचं नाव मतदार यादीत आहे का, असेल तर अपंगत्वाची नोंद केली आहे का? पहिल्या प्रश्नाला लोक गप्प बसतील. आपल्याकडे अजून लपवतात, विशेषतः घरात लग्नाची मुलगी असली तर. दुसऱ्यांदा गेलात की बोलतील. तुम्ही वर्गणीसाठी तीन-तीनदा जाताच.

ती नोंद इतकी महत्त्वाची का, ते सांगते. गणित आहे, लक्ष द्या. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अपंग व्यक्ती २९ लाख ६३ हजार होत्या. २०२४ च्या विधानसभेच्या वेळी मतदार यादीत अपंग म्हणून नोंद असलेले मतदार सहा लाखांच्या थोडे वर होते. पहिल्या आकड्यात लहान मुलं आहेत, ती वजा करा. पण तेरा वर्षांत त्यातली बरीच मोठीही झाली, ती मिळवा. कसंही केलंत तरी लाखो माणसं मधल्या मध्ये गायब आहेत. ती मेलेली नाहीत. ती यादीत आहेतही कदाचित, पण त्यांच्या नावापुढे खूण नाही. कुठल्या केंद्रावर खुर्ची ठेवायची, कुणाला गाडी पाठवायची, हे त्या खुणेवरून ठरतं. खूण करायला फॉर्म ८ लागतो. पत्ता किंवा नाव दुरुस्त करायला तुम्ही जो भरता, तोच, त्यात अपंगत्वाच्या नोंदीचाही रकाना आहे. मोबाईलवरून होतं. आयोगाचं ॲप आहे, त्यावरूनही होतं, आणि चाकांची खुर्ची हवी असेल तर तीही तिथेच मागता येते. रीलला गाणं लावायला जेवढा वेळ जातो, त्याहून कमी वेळात होईल.

आणि ज्यांच्याकडे यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, आहे त्यांना सांगा, लोकसभा-विधानसभेला ते ओळखपत्र म्हणूनही चालतं. ते कार्ड रेल्वेच्या सवलतीपुरतंच, अशी कित्येकांची समजूत आहे.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या आजोबांचंही ह्या खुणेपाशीच अडलं. लोकसभा आणि विधानसभेला घरून मतदान करता येतं, ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचा दाखला असेल तर, किंवा वय ८५ च्या पुढे असेल तर. त्यासाठी फॉर्म १२डी भरायचा. मग ठरलेल्या दिवशी दोन कर्मचारी घरी येतात, सोबत पोलीस आणि चित्रीकरण करणारा, आणि पुठ्ठ्याचा आडोसा उभा करून तुमच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर मतदान होतं. मतपत्रिका एका पाकिटात, ते पाकीट दुसऱ्या पाकिटात. माझ्या एका विद्यार्थिनीच्या सासूबाईंनी असं मत दिलं. त्या दिवशी त्यांनी नवी साडी नेसली आणि कर्मचाऱ्यांना चहा घ्यायचा आग्रह केला, त्यांनी घेतला नाही, ह्याचं त्यांना अजून वाईट वाटतं.

पण १२डी ला मुदत असते ती अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांची. विधानसभेची अधिसूचना २०२४ ला २२ ऑक्टोबरला निघाली. आठवा, दिवाळी महिनाअखेरीला होती. घरोघर चकलीची भाजणी चालली होती, आणि तेवढ्यात ते पाच दिवस येऊन गेलेही. ज्यांच्या नावापुढे खूण होती, त्यांच्याकडे बीएलओ फॉर्म घेऊन आले. आजोबांच्या नावापुढे खूण नव्हती. त्यांच्या सुनेला मतदानाच्या आदल्या दिवशी कळलं. आणि महापालिकेचं मतदान तर राज्य निवडणूक आयोगाचं, त्याचे नियम वेगळे. तिथे १२डी च्या भरवशावर बसू नका. जानेवारीत आजोबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोघा नातवांनी जिन्यावरून उतरवलं. लाकडी जिना, वळणावर एकच माणूस मावतो. अर्ध्यात आले आणि आजोबा म्हणाले, "राहू दे रे, पुरे झालं." परत वर नेलं.

आता रॅम्पकडे येते. हा तुमचा प्रांत. जी मुलं तीन रात्रींत केदारनाथाचं मंदिर उभं करतात, त्यांना एक उतार जमत नाही, हे मला पटत नाही. तुमच्या मांडववाल्याला विचारा, तो मान्य करेल.

जुना गृहपाठ घ्या. चाकांच्या खुर्चीसाठी उताराचं प्रमाण एकास बारा. एक इंच चढायचं तर बारा इंच लांबी. शाळेच्या पाच पायऱ्या, प्रत्येक सहा इंचांची. उंची किती? ३० इंच. मग रॅम्प किती लांब हवा? ३० गुणिले १२, म्हणजे ३६० इंच, म्हणजे ३० फूट. आणि त्या दिवशी काय टाकलं होतं? प्लायवूडचा ताव, आठ फुटांचा. ९६ भागिले ३० करा. सव्वातीनास एकसुद्धा उतार नाही आला. मी शिकवलेल्या मुलाने हे उत्तर लिहिलं असतं तर मी वही परत दिली असती.

तीस फूट सरळ मावत नाहीत, हे मला दिसतं आहे. म्हणून दोन तुकडे करायचे, पंधरा-पंधरा फुटांचे, मध्ये पाच फुटांचा सपाट चौथरा, तिथे खुर्ची वळते आणि ढकलणाऱ्याचाही दम जिरतो. रुंदी चार फूट. दोन्ही कडांना दोन इंचांची पट्टी, म्हणजे चाक घसरून बाहेर जात नाही. ही पट्टी कुणालाच सुचत नाही, आणि सगळे पडतात ते तिथेच. एका बाजूला धरायला बांबू. वर गालिचा अंथरू नका, कृपा करा. मांडवातला तो लाल गालिचा चाकाखाली गोळा होतो आणि खुर्ची जागच्या जागी अडकते. नुसती खरखरीत फळी चांगली.

हा रॅम्प आधी गणपतीत वापरा. तुमच्या मांडवात मूर्तीपर्यंत जायला चार पायऱ्या असतात, त्यामुळे गेली कित्येक वर्षं मी दर्शन रस्त्यावरून घेते, तुमच्यातला एखादा प्रसाद आणून देतो. प्रसाद गोड असतोच. पण समोरून बघितल्याला किती वर्षं झाली! दहा दिवस मांडवात वापरला की कुठे डुगडुगतो, कुठे खिळा वर येतो, सगळं समजेल. मग तो सुटा करून ठेवा. निवडणूक लागली की निवडणूक कार्यालयात आणि शाळेत रीतसर पत्र देऊन विचारा की बसवू का. आदल्या दिवशी संध्याकाळी केंद्राध्यक्षाच्या मागे लागू नका, त्या बिचाऱ्याला तेव्हा पंख्याचं बटणसुद्धा सापडत नसतं. केंद्र वर्षानुवर्षं त्याच शाळेत असतं, मोजमाप आज केलं तरी चालतं. आणि शाळेने तो कायमचा ठेवून घेतला तर उत्तमच. त्या शाळेत पायऱ्या न चढता येणारं एकही मूल नाही, असं मुख्याध्यापक सांगतात. पायऱ्या आहेत म्हणून नाही, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

इथपर्यंत तुम्ही करा म्हणून सांगितलं. आता कुठे थांबायचं ते.

वर पोचल्यावर त्या दिवशी काय झालं, ते तुमच्यातल्या एकाशिवाय कुणी पाहिलं नाही. खोलीत टेबल उंच होतं, पुठ्ठ्याचा आडोसा त्याहून उंच. माझी खुर्ची टेबलाखाली शिरेना आणि माझा हात यंत्राच्या खालच्या बटणांपर्यंतसुद्धा पोचेना, वरची तर मला दिसतही नव्हती. मी म्हटलं, यंत्र जरा कडेला सरकवता का किंवा खालच्या बाकावर ठेवता का? तिथल्या साहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी माझ्या मागे उभ्या असलेल्या, तुमच्यातल्याच एका मुलाकडे बघितलं. "तुम्हीच दाबा ना ह्यांचं. सोबत आहात ना?" आणि तो मुलगा, माझा विद्यार्थी, म्हणाला, "काकू, सांगा, कुठलं?"

माझे पाय गेलेत रे. बोटं शाबूत आहेत, ह्याच बोटांनी तुझे पेपर तपासलेत.

नियम काय आहे, ते कळलं पाहिजे. ज्याला दिसत नाही किंवा ज्याला स्वतः बटण दाबता येत नाही, त्याला सोबती नेता येतो. सोबती अठरा वर्षांच्या पुढचा हवा, एका दिवसात त्याला एकाच मतदाराचा सोबती होता येतं, आणि मत गुप्त ठेवीन असं लिहून द्यावं लागतं. त्याच्या उजव्या हाताच्या तर्जनीला शाई लावतात. म्हणजे डाव्या बोटावर आपल्या मताची, उजव्यावर दुसऱ्याच्या. ज्याला नुसती खुर्ची ढकलायला माणूस लागतो, त्याच्या आडोशात त्या माणसाचं काही काम नाही. मी दहा मिनिटं अडून बसले, रांगेतले लोक चुकचुकले, शेवटी यंत्र बाकावर आलं. प्रभागातल्या चार जागांची चारही मतं मी दिली. लांब बीप वाजला तेव्हा माझा हात थरथरत होता, तो म्हातारपणाने नव्हे.

माझ्या मैत्रिणीचं तेवढंही झालं नाही. ती जन्मापासून अंध, एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी करून निवृत्त झाली. लोकसभेला आणि विधानसभेला ती एकटी आत जाते. यंत्रावर बटणाशेजारी ब्रेलमध्ये आकडा असतो, आणि केंद्राध्यक्षाकडे ब्रेलमधली नमुना मतपत्रिका असते, ती मागायची, वाचायची, आकडा लक्षात ठेवायचा आणि जायचं. मागितल्याशिवाय कुणी देत नाही, आणि कधीकधी मागितल्यावरही "असेल इथेच कुठेतरी" असं उत्तर मिळतं. तरीही ती एकटी जाते. पण महापालिकेला आपला प्रभाग चार जागांचा. अ, ब, क, ड. प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळ्या रंगाची, पांढरी, गुलाबी, पिवळी, निळी. गोंधळ होऊ नये म्हणून! हे मी तिला वाचून दाखवलं तेव्हा ती इतकी हसली की फोन हातातून पडला.

चार आकडे तिने पाठ केले, टेलिफोन नंबर पाठ करायची आयुष्यभराची सवय. भाच्याला घेऊन आत गेली, त्याला आकडे कानात सांगितले. "दाबलं का?" "दाबलं आत्या." "चारही?" "हो गं." संध्याकाळी मला म्हणाली, "भाचा गुणी आहे. पण मत त्यानेच दिलं. मी नुसती आकडे सांगून आले, जसे पूर्वी बँकेत ट्रंक कॉल जोडून द्यायचे."

राज्य निवडणूक आयोगाने पुढच्या निवडणुकीआधी पुण्यातल्या दहा अंध माणसांना यंत्रासमोर बसवावं आणि चार जागांचं मतदान करून दाखवा म्हणावं. पण ते पत्र वेगळं. ते मी लिहिलं आहे, साध्या टपालाने नव्हे, स्पीड पोस्टाने.

तुम्हाला सांगायचं ते एवढंच की सोबती म्हणून कुणी बोलावलं तर जा, पण त्याच्या आकड्यांना तुमच्या आधारस्तंभाचं वळण लावू नका. नाक मुरडू नका, मला पेठ माहीत आहे. मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्या-कोताऱ्यांना न्यायला ज्या रिक्षा येतात, त्या कुणाच्या असतात? उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने मतदारांना फुकट ने-आण करायला वाहन लावणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचार ठरतो. तशा रिक्षेत मी बसले तर माझं मत विकलं असं नाही, पण उतरताना मला "लक्षात ठेवा हं काकू" ऐकावं लागतं. ते मला ऐकायचं नाही. रिक्षा पाठवायची तर मंडळाच्या पैशातून, कुणाचा फोटो न लावता. आणि केंद्रापासून शंभर मीटरच्या आत नेत्याचं नाव छापलेला टी-शर्ट घालून खुर्ची ढकलायला येऊ नका. त्या हद्दीत प्रचार चालत नाही, आणि तो टी-शर्ट प्रचारच आहे. फोटोचं तर मी बोललेच आहे. माझा फोटो काढायचा असेल तर विचारा, मी पदर सारखा करीन.

एक गोष्ट राहिली, आणि ती मला सगळ्यात जास्त टोचते.

तुमच्या मंडळात एक मुलगा आहे. आता सव्वीस वर्षांचा असेल. डाउन सिंड्रोम. विसर्जनाला ताशाच्या पुढे झांजा वाजवत चालतो, एक ठोका चुकत नाही. सगळ्या आरत्या पाठ, 'घालीन लोटांगण'ला सगळे घाई करतात तेव्हा तो एकटा सावकाश म्हणतो आणि तुम्हा सगळ्यांना थांबावं लागतं. वर्गणीचे सुटे पैसे बरोबर परत आणतो. तुम्ही त्याला जीव लावता, हे मी खिडकीतून रोज बघते. त्याचं नाव मतदार यादीत नाही.

मी त्याच्या आईला विचारलं. ती म्हणाली, "त्याला काय कळतंय, काकू? कुणीही सांगेल त्याला देईल." मी म्हटलं, बाई, कुणीही सांगेल त्याला मत देणारे ह्या पेठेत बरेच आहेत, त्यांची नावं काढायची का? ती हसली, पण तिचा प्रश्न खोटा नव्हता. उत्तर असं की कायदा 'काय कळतंय' असं विचारतच नाही. मनोविकल म्हणून नाव वगळायचं तर सक्षम न्यायालयाने तसं घोषित करावं लागतं. डॉक्टरचा कागद पुरत नाही, शेजाऱ्यांचं मत तर मुळीच नाही. त्या मुलाबद्दल कुठल्याही न्यायालयाने काहीही म्हटलेलं नाही. वय अठराच्या वर, राहणार पुणे, भारतीय नागरिक. नवं नाव नोंदवायचा फॉर्म ६ भरला की झालं.

घरच्यांनी भरला नाही, शाळेने सुचवलं नाही, आणि आठ वर्षांत तुमच्यातल्याही कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. मी यंदा विचारलं. पाच पायऱ्यांसमोर बसले होते, तेव्हा तो फाटकाबाहेर उभा राहून मला हात करत होता, आत का येत नाहीस म्हटलं तर म्हणाला, "माझं नाव नाही."

त्याचा फॉर्म भरायला त्याची आई तयार झाली आहे. पण तिला एक भीती आहे, ती तुमच्यापर्यंत पोचवते: नाव आलं की मंडळ त्याला हाताला धरून नेईल आणि सांगेल ते बटण दाबायला लावेल. मी तिला सांगितलं की माझी मुलं असं करणार नाहीत. तेव्हा मला खोटं पाडू नका. त्याला आधी यंत्राचं चित्र दाखवून सराव करून द्यायचा, तेवढं मी करीन. बटण कशाला असतं ते मी समजावीन. कुणाचं दाबायचं, ते त्याचं तो बघेल.

तुमची वर्गणीची बैठक दर वर्षी मारुतीच्या देवळावरच्या खोलीत होते. यंदा ती खाली पारावर घ्या, मलाही यायचं आहे. फॉर्म ६ आणि फॉर्म ८ च्या छापील प्रती मी आणते, ज्यांना मोबाईल जमत नाही त्यांच्यासाठी. मांडववाल्याला बोलवा आणि त्याला म्हणावं, मोजपट्टी घेऊन ये, पन्नास फुटी.

तुमची,
तळमजल्यावरची गणिताची काकू